जुन्या खुर्चीला हात लावण्याआधी

घरात जुनं सागवानी सामान असलं की दसऱ्याच्या सुमारास कुणीतरी विषय काढतंच, "एकदा सगळं घासून पॉलिश करून घेऊ या." पॉलिशवाला येतो, घासायचं मशीन लावतो, थिनरचा वास घरभर सुटतो आणि दोन-तीन दिवसांत आजोबांची खुर्ची नवी कोरी चकाकायला लागते. घरातले खूश होतात. मला मात्र अशी खुर्ची पाहिली की हळहळ वाटते. वर्षानुवर्षं उजेड, हवा आणि माणसांचे हात लागून सागाला जो गडद, मधाळ रंग चढतो, तो लाकडात खोलवर गेलेला नसतो. वरच्या पातळ थरातच असतो. मशीनखाली तो बघता बघता जातो. खालचं फिकट लाकूड उघडं पडतं, नक्षीच्या कडा बोथट होतात, आणि गेलेला थर बाजारातल्या कुठल्याही डब्यातून परत मिळत नाही. म्हणून जुनं फर्निचर हातात घेताना पहिल्यांदा ठरवायचं ते हे, की कशाला हात लावायचा नाही.

उदाहरणाला लांब हातांची, वेताने विणलेली आरामखुर्ची घेऊ. कोकणातल्या ओटीवर, पुण्या-साताऱ्याच्या वाड्यांत, गोव्यातल्या जुन्या घरांत ती हमखास असायची. आज बऱ्याच घरांत ती माळ्यावर आहे, कारण वेत तुटलाय आणि पाय डुगडुगतात. हिच्यात सांधे आहेत, पॉलिश आहे, विणकाम आहे, कधी कधी कीडही असते. हिची दुरुस्ती जमली की टेबल, पेटी, चौरंग, फडताळ यांची भीती उरत नाही.

खुर्ची खाली आणा, दिवसाच्या उजेडात सपाट फरशीवर ठेवा आणि आधी चारी बाजूंनी फोटो काढा. मग ती उलटी करा. खालची बाजू बहुतेक वेळा पॉलिश न केलेली असते, आणि खुर्चीचा सगळा इतिहास तिथे वाचता येतो. जुन्या सुताराच्या रंध्याच्या खुणा दिसतात. मागे कुणी खिळे ठोकून केलेली दुरुस्ती दिसते. सालीलगतच्या पांढरट लाकडाचा एखादा पट्टा वापरला असेल तर तोही दिसतो. सागाच्या गाभ्यात कीड सहसा शिरत नाही, कारण त्यातली नैसर्गिक द्रव्यं तिला मानवत नाहीत. पण सालीलगतच्या पांढरट भागाला हे संरक्षण नसतं. बारीक भोकं दिसली तर ती बहुधा तिथेच असतात.

भोकं दिसली म्हणून लगेच घाबरू नका. ती कित्येक वर्षांपूर्वीची असू शकतात. खुर्चीखाली काळा कागद अंथरा आणि आठवडाभर तिला हलवू नका. कागदावर पिठासारखा भुसा पडला तर कीड जिवंत आहे. मग हार्डवेअरच्या दुकानातलं लाकडासाठीचं तेलयुक्त कीडनाशक इंजेक्शनच्या सुईने एकेका भोकात सोडा, उघड्या हवेत, हातमोजे आणि मास्क घालून. नंतर खुर्ची प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून काही दिवस बाकीच्या लाकडी सामानापासून लांब ठेवा. भुसा थांबला की नाही ते दोन-तीन महिन्यांनी काळा कागद ठेवून पुन्हा बघायचं. मातीच्या रेघा दिसल्या तर ती वाळवी. ती भिंतीतून किंवा जमिनीतून आलेली असते, आणि तेव्हा उपचार खुर्चीआधी घराला करावा लागतो.

एक अपवाद इथेच सांगून टाकते. तुमच्याकडची वस्तू शिसवी असेल, दाट कोरीव काम असलेली, एकोणिसाव्या शतकात मुंबईत जशी घडवली जायची तशी, तर यातलं काहीही घरी करू नका. फडक्याने धूळ पुसा आणि जाणकाराला दाखवा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या संवर्धनाचं केंद्र आहे. अशा ठिकाणी विचारपूस करावी. साधी, रोजच्या वापरातली सागवानी वस्तू मात्र घरच्या माणसाने दुरुस्त करावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आता धुणं. बरीचशी 'खराब झालेली' पॉलिशं फक्त मळलेली असतात. मऊ ब्रशने नक्षीतली धूळ काढा. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन-चार थेंब टाका, सुती फडकं त्यात बुडवून अगदी कोरडं पिळा आणि थोड्या थोड्या भागावर फिरवा; लगेच कोरड्या फडक्याने पुसा. लाकडावर पाणी साचता कामा नये. हातांच्या टोकांवर, जिथे तळवे टेकतात तिथे, तेल, घाम आणि धूळ यांची काळी पुटं असतात. ती पाण्याने निघत नाहीत. त्यासाठी टर्पेंटाइन घ्या. फडक्यावर थोडं घेऊन चोळा, फडकं काळं होत जाईल तसं बदला. टर्पेंटाइन मेण आणि तेल विरघळवतं, जुन्या लाखेच्या पॉलिशला धक्का लावत नाही. इथे घाई न करणाऱ्याला बहुधा बक्षीस मिळतं. काळ्या पुटाखालून तांबूस, तुकतुकीत हात बाहेर येतो आणि पॉलिश करायचा बेत अर्धा तरी रद्द होतो.

स्वच्छ झाल्यावर पॉलिश कसलं आहे ते ओळखा. आतल्या, न दिसणाऱ्या जागी कापसाच्या बोळ्याने स्पिरिटचा थेंब लावा. अर्ध्या-एक मिनिटात तिथे चिकट झालं तर ते लाखेचं, म्हणजे आपल्याकडे ज्याला फ्रेंच पॉलिश किंवा स्पिरिट पॉलिश म्हणतात ते. स्पिरिटने काही झालं नाही, पण थिनरने मऊ झालं, तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर व्हार्निश किंवा अलीकडचं मेलामाइन, पॉलियुरेथेन वगैरे. जुन्या आरामखुर्च्यांवर बहुतेक लाखच निघते, आणि ती निघाली तर तुमचं नशीब चांगलं आहे. लाख वाळल्यानंतरही स्पिरिटमध्ये पुन्हा विरघळते. म्हणून तिची दुरुस्ती जुना थर न काढता करता येते. पृष्ठभागावर बारीक तडे गेले असतील किंवा कपाच्या बुडाची पांढरी वर्तुळं उमटली असतील, तर मऊ फडकं स्पिरिटने जेमतेम ओलसर करा आणि हात न थांबवता हलकेच फिरवा. जुनी लाख क्षणभर सैल होते, तडे मिटतात, पांढरेपणा विरतो. हात थांबला तर फडकं चिकटतं आणि थर उचलला जातो, एवढं सांभाळा.

पॉलिशच्या आधी सांधे. डुगडुगणाऱ्या खुर्चीत नवा खिळा ठोकणं हा सगळ्यात घातक उपाय आहे. सांध्यात एका तुकड्याचं कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसलेलं असतं. खिळ्याने कुसू फाटतं, लोखंड गंजून आजूबाजूचं लाकूड काळं पडतं आणि पुढच्या दुरुस्तीची वाट बंद होते. सांधा ढिला असेल तर तो पूर्ण उघडायचा. उघडण्यापूर्वी प्रत्येक तुकड्यावर चिकटपट्टी लावून त्यावर लिहा: डावा पुढचा पाय, उजवा हात, मागची आडवी पट्टी. चारही पाय सारखे दिसतात, पण हाताने केलेल्या कामात एकाचं कुसू दुसऱ्याच्या खाचेत नीट बसत नाही. सांध्यात आरपार लाकडी खुंटी आहे का ते बघा. असेल तर ती आधी काढावी लागते.

जुना डिंक बहुधा सरस असतो, जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला. तो काचेसारखा ठिसूळ, तपकिरी दिसतो आणि त्याचा मोठा गुण म्हणजे गरम पाण्याने तो सुटतो. सिरिंजने सांध्याच्या फटीत गरम पाणी सोडा, थोडं थांबा, पुन्हा सोडा. मग फडकं गुंडाळलेल्या लाकडी मोगरीने हलके ठोके द्या. जोर लावावा लागत असेल तर काहीतरी राहिलंय असं समजा. खुंटी, लपलेला खिळा, नाहीतर नंतर कुणी भरलेला फेव्हिकॉल. तो असेल तर गरम व्हिनेगरने मऊ पडतो.

सुटलेल्या सांध्यातला जुना डिंक ब्रश आणि कोमट पाण्याने पूर्ण काढा. फेव्हिकॉलसारखा डिंक जुन्या डिंकावर नीट धरत नाही, त्याला लाकूड लागतं. पूर्ण वाळू द्या. कुसू झिजून खाचेत सैल झालं असेल तर भुसा आणि फेव्हिकॉलचा लगदा भरू नका. तो वजन पेलत नाही. सागाच्या पातळ पट्ट्या कुसवाच्या दोन्ही बाजूंना चिकटवून ते पुन्हा जाड करा आणि पॉलिश पेपरने घासत घासत घट्ट बसेल इतपत आणा. सागात तेल असतं, म्हणून चिकटवण्याच्या थोडं आधी दोन्ही बाजू स्पिरिटने पुसून घ्याव्यात. डिंक म्हणून मी सरसच पसंत करते, कारण अजून पन्नास वर्षांनी कुणाला हा सांधा उघडावा लागला तर त्याला तो उघडता यावा. सरस मिळाला नाही किंवा जमला नाही तर साधा फेव्हिकॉल चालेल. इपॉक्सी मात्र सांध्यात घालू नका.

आवळायला शिकंजे नसतील तरी काम अडत नाही. सायकलच्या दुकानातून जुनी ट्यूब आणा, लांब पट्ट्या कापा आणि ताणून सांध्याभोवती गुंडाळा. रबर सगळीकडून सारखं दाबतं आणि लाकडावर वळ उठवत नाही. पूर्ण चौकट आवळायची असेल तर सुती दोरीचा दुहेरी वेढा घालून त्यात काठी अडकवा आणि पीळ द्या. आवळून झाल्यावर दोन्ही कर्ण दोरीने मापून सारखे आहेत का बघा, चारही पाय फरशीला टेकतायत ना बघा, बाहेर आलेला डिंक ओल्या फडक्याने पुसा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तिला हात लावू नका.

खणांच्या वस्तूंबद्दल एकच गोष्ट सांगते, कारण ही चूक घरोघरी होते. पावसाळ्यात टेबलाचा खण अडकतो आणि सुताराला बोलावून त्यावर रंधा मारला जातो. लाकूड दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं; जुलैत रंधा मारलेला खण जानेवारीत खुळखुळतो. पावसाळ्यात फक्त मेणबत्ती घ्या आणि खणाच्या कडांवर, पट्ट्यांवर घासा. लाकूड काढायचंच असेल तर हिवाळ्यात बघा, तेव्हा बहुधा गरजच उरत नाही.

काही वस्तूंवर मागच्या पिढीने ऑइलपेंट फासलेला असतो. इथे सावध राहा. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाचं प्रमाण 90 पीपीएमपर्यंत मर्यादित करणारा नियम 2016 साली झाला आणि 2017च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं असण्याची शक्यता धरून चालावं. असा रंग कोरडा घासून त्याची धूळ घरात उडवू नका, विशेषतः लहान मुलं किंवा गरोदर बाई घरात असेल तर. पेंट रिमूव्हर लावून तो मऊ करा, ओला असतानाच खरवडा आणि खरवड कागदात गुंडाळून टाका. टेबलावर सनमायका चिकटवलेला असेल तर कडेपासून गरम इस्त्री फिरवत खालचा गोंद सैल करा आणि लांबीच्या पातळ पात्याने हळूहळू उचला.

घासावंच लागलं तर हाताने, लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच. आडवं घासलेलं पॉलिशखाली ठळक दिसतं. 180 नंबरचा कागद, मग 220, मग 320. याहून खरखरीत कागद जुन्या खुर्चीला लागत नाही. उघड्या लाकडावरचा खळगा मात्र घासून सपाट करायचा नसतो. त्यावर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्रीचं टोक टेकवा. वाफेने दबलेले तंतू फुगून वर येतात.

लाखेचं पॉलिश घरी करता येतं, आणि करावं. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जो राळेसारखा थर स्रवतात, त्यापासून ती बनते. तिच्यावर संशोधन करणारी संस्था रांचीजवळ 1924पासून आहे, इतका हा आपल्या देशातला महत्त्वाचा माल. दुकानात चपडी लाख म्हणून पातळ पापुद्रे मिळतात. एक लिटर स्पिरिटला 125 ते 150 ग्रॅम लाख काचेच्या बरणीत घाला, अधूनमधून हलवा, रात्रभर ठेवा आणि मलमलच्या कापडातून गाळा. लोखंडी डबा नको, लाख काळवंडते. बरणीवर तारीख लिहा. सहा महिन्यांहून जुनं मिश्रण वापरण्याआधी काचेवर थेंब टाकून बघा. तो कडक वाळला नाही आणि चिकट राहिला तर ते टाकून द्या.

हे काम पावसाळ्यात करू नका. दमट हवेत लाखेवर पांढुरकी झाक येते. ऑक्टोबरच्या मध्यापासून मेपर्यंतची कोरडी सकाळ चांगली. खिडक्या उघड्या ठेवा. गॅस, उदबत्ती, देवाचा दिवा काहीही जवळ नको, कारण स्पिरिट झटकन पेटतं.

कापसाचा लिंबाएवढा गोळा करा आणि पुष्कळदा धुतलेल्या सुती कापडात, जुनं धोतर किंवा मलमल उत्तम, घट्ट बांधा. तळ गुळगुळीत हवा, एकही सुरकुती नको. कापड उघडून आतल्या कापसावर लाख ओता, बोळा पुन्हा बांधा आणि कागदावर दाबून बघा. ओघळ न येता ओलसर ठसा उमटला की तयार. खुर्चीवर तो विमान उतरतं तसा सरकत टेकवायचा आणि सरकतच उचलायचा. लांब हातावर आधी सरळ, मग लहान लहान गोल, मग इंग्रजी आठाच्या आकारात. बोळा ओढायला लागला तर तळावर जवसाच्या तेलाचा एकच थेंब लावा. दुकानात ते बेलतेल म्हणून मिळतं. सकाळभरात पातळ असे चार-पाच हात, मग दुसऱ्या दिवसापर्यंत विश्रांती. दुसऱ्या दिवशी चमक थोडी उतरलेली दिसेल, कारण लाख छिद्रांत बसलेली असते, पुन्हा तेच. जुन्या पॉलिशवर हे काम दोन-तीन दिवसांत होतं, उघड्या लाकडाला आठवडा लागू शकतो. तेल लागलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चुरगाळलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ती बाहेर पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात भिजवून मग टाका.

खोबरेल किंवा तिळाचं तेल लाकडाला चोळायची सवय अनेक घरांत आहे. ती तेलं वाळत नाहीत. चार दिवस चकाकतात, मग धूळ धरतात आणि चिकट पुट तयार होतं. त्यापेक्षा मधमाश्यांचं मेण वापरा. 100 ग्रॅम मेण गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवा, गॅस बंद करून भांडं बाहेर न्या आणि तिथे 300 मिलिलिटर टर्पेंटाइन मिसळा. थंड झाल्यावर मऊ मलम होतं. वर्षातून एकदा, मेअखेरीस, त्याचा पातळ हात द्या आणि फडक्याने चोळून चमकवा.

सगळ्यात शेवटी वेत, कारण विणल्यानंतर पॉलिश केलं तर वेतावर डाग पडतात. वेत फक्त सैल पडला असेल, तुटला नसेल, तर विणायची गरजच नाही. खुर्ची उलटी करा, गरम पाण्यात पिळलेलं फडकं खालच्या बाजूला अर्धा तास ठेवा आणि सावलीत रात्रभर वाळू द्या. वेताची वरची चकचकीत बाजू पाणी घेत नाही, खालची घेते. भिजलेला वेत वाळताना आकसतो आणि सकाळी बैठक ताठ होते. देशावरच्या कोरड्या उन्हाळ्यात हे वर्षाआड करावं, वेत ठिसूळ होत नाही.

वेत तुटलाच असेल तर चौकट बघा. कडेने भोकांची रांग असेल तर हातविणीचं काम आहे. भोकांऐवजी सलग खाच असेल तर तयार जाळी बसवलेली आहे, आणि ती बदलणं सोपं. हातविणीत दोनदा उभे, दोनदा आडवे आणि दोन तिरपे असे सहा पदर पडतात, मग कडेची पट्टी. पट्ट्या कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवा, तासन्तास नको. घरी शिकता येतं, पण पहिल्यांदा विणणाऱ्याचा ताण सगळीकडे सारखा राहत नाही. त्यापेक्षा आपल्या गावात अंधांसाठीचं उद्योगकेंद्र किंवा शाळा असेल तर तिथे विचारा. खुर्च्या विणण्याचं शिक्षण अशा संस्थांमधून पूर्वापार दिलं जातं, आणि बोटांनी ताण ओळखणाऱ्या माणसाची वीण काही वेगळीच असते. नायलॉनचा वेत स्वस्त पडतो, टिकतोही. पण तो हवा खेळू देत असला तरी अंगाला तापतो आणि जुन्या लाकडाशेजारी परका दिसतो. मी तो सुचवणार नाही.

हे सगळं स्वतः करायला वेळ नसेल तर कारागीर जरूर बोलवा. चांगले हात अजून आहेत. जुन्या वखारीत किंवा लाकूडबाजारात चौकशी केली की वयस्कर पॉलिशवाल्याचं नाव कळतं. त्याला कामाआधी स्पष्ट सांगा: मशीन लावायचं नाही, जुना रंग काढायचा नाही, लाखेवर मेलामाइन किंवा पॉलियुरेथेन चढवायचं नाही. लाखेत नैसर्गिक मेण असतं, त्यावर हे थर नीट धरत नाहीत आणि काही वर्षांत पापुद्रे सुटतात. आधी एका पायाच्या मागच्या बाजूवर करून दाखवायला सांगा. आणि काम ठोक देऊ नका, रोजावर द्या. ठोक घेतलेल्याला ते लवकर संपवावंसं वाटणारच. लाखेच्या दोन हातांमध्ये वाळायला जो वेळ लागतो, तो त्याला मोकळ्या मनाने देता यायला हवा.